निळ्या हत्तीवरचं हसू

मी डोळा कॅमेऱ्याला लावून मागे मागे सरकत होते. "युसरा, जरा डावीकडे... आई, हनुवटी वर कर... आता हसा बघू—" आणि माझी टाच कुणाच्या तरी पायावर पडली. चांगली जोरात.

"मेलो!"

वळून पाहिलं. एक उंच, किडकिडीत तरुण एका पायावर उभा होता. गळ्यात कॅमेरा, नाकावर चष्मा आणि पायाशी धुळीत पडलेला, तळून साखरेत घोळलेला गोल, गरम बंबलूनी.

"माफ करा हं... मला दिसलंच नाही."

"डोळा कॅमेऱ्यात घातला की पाठीला डोळे फुटत नाहीत, हे मान्य आहे," तो म्हणाला आणि त्या बंबलूनीकडे असं बघत राहिला, जणू जवळचं कुणी गेलंय. "पण अजून एक घाससुद्धा खाल्ला नव्हता हो."

"मी दुसरा घेऊन देते."

"त्याची रांग बघितलीत? तोवर थंडी पडायला लागेल." मग चाचरत म्हणाला, "एक सांगू? रागावणार नसाल तर..."

"सांगा."

"तुमची सगळी मंडळी सूर्याकडे पाठ करून उभी आहेत. चेहरे काळे येतील. अगदी तव्याच्या बुडासारखे. त्यांना थोडं फिरवा, म्हणजे ऊन बाजूने येईल."

"मला काढता येतात फोटो," मी म्हणाले. खरं तर तो कॅमेरा मी आदल्या दिवशीच पहिल्यांदा हातात घेतला होता.

"मग प्रश्नच मिटला," तो हसला. "मला यायला बराच काळ लागला."

एवढ्यात एका छोट्या मुलीने त्याचा शर्ट ओढला. "मामा, हत्ती! हत्तींचं चक्र सुटेल!" तो तिच्यामागे लंगडत गेला. शपथ घेऊन सांगते, गरजेपेक्षा जास्तच लंगडत होता.

तो दिसेनासा झाल्यावर मी गुपचूप सगळ्यांना थोडं फिरवलं, स्वतः आणखी मागे सरकले आणि एक फोटो काढला. एकच.

*

हम्मामातजवळच्या अलीसानगरीत, त्या पाळण्या-चक्रांच्या बागेत, आम्ही गेलो ते आईच्या हट्टापायी. माझी धाकटी बहीण युसरा सप्टेंबरात लग्न होऊन नवऱ्याबरोबर फ्रान्सला, लिओंला जाणार होती. "एकदा सगळे मिळून कुठेतरी जाऊ," आई म्हणाली, "मग तुम्ही कुठे आणि आम्ही कुठे." युसराच्या होणाऱ्या नवऱ्याने त्याचा जुना कॅमेरा पाठवून दिला, आणि मी बालवाडीत मुलांच्या चित्रांना रंग भरते एवढ्या पात्रतेवर तो माझ्या गळ्यात पडला.

काढायचे होते सगळ्यांचे फोटो, निघाले सगळ्यांचे. बाबा सोडून.

माझे बाबा, सी हेदी, सूसच्या जुन्या बाजारात न्हावी आहेत. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते उठले तर चेहऱ्याची डावी बाजू निर्जीव होऊन लोंबत होती. डॉक्टर म्हणाले, नस सुजलीय, बरं होईल. थोडं झालंही. पण हसायला गेले की उजवा गाल वर जायचा आणि डावा तिथेच राहायचा. जन्मभर आरशासमोर उभा राहिलेला माणूस... त्यांनी दुकानातल्या मोठ्या आरशाच्या अर्ध्या भागावर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसे, पण त्यामागे उभ्या असलेल्या बाबांचं दिसत नसे. विनोद चालूच होते, पण ते मान खाली घालून.

अलीसानगरीत मी कॅमेरा वर केला की ते म्हणायचे, "मी पिशव्या सांभाळतो." दिवसभर पिशव्या सांभाळल्या त्यांनी.

युसराने एकदाच मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, माझ्या लग्नाच्या फोटोतही बाबा पिशव्याच सांभाळणार का गं?"

*

घरी येऊन फोटो पाहिले आणि मला रडूच फुटलं. समुद्री जहाज सुंदर, कारंजं सुंदर आणि माणसं काळी.

"या आम्ही आहोत की आमच्या सावल्या?" युसराने विचारलं.

शेवटी मी ते सगळे फोटो 'नवशिके आणि त्यांचे कॅमेरे' या गटावर टाकले. उन्हाळा आला की अर्धं ट्युनिशिया तिथे सुट्टीचे फोटो टाकतं आणि उरलेलं अर्धं शहाणपण शिकवतं. मी लिहिलं, "हे चेहरे उजळता येतील का? पुन्हा असे सगळे एकत्र येणं कठीण आहे."

सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं कॅमेरा बदला, कुणी म्हणालं कुटुंब बदला. आणि मग एक ओळ आली—

"शेवटचा फोटो मात्र छान आलाय. उजेड बाजूने. कुणी सांगितलं होतं का? ताजा कलम: उजव्या कोपऱ्यात धुळीत पडलेला तो कोण, ते मी ओळखलं. मी मयताचा नातेवाईक. – वज्दी, नाबुल."

मी फोटो मोठा करून पाहिला. खरंच कोपऱ्यात तो बंबलूनी होता! मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले आणि आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही." पहिलं खोटं तिथेच बोलले.

मी त्याला लिहिलं, "कोण सांगणार? माझं मीच केलं."

"वा. मग पुढचंही तुमचं तुम्हाला येत असेल. मी उगाच लिहायला बसलो होतो."

"...पुढचं म्हणजे काय?"

तिथून सुरू झालं. वज्दी शाळेत भूगोल शिकवायचा आणि फोटोही तसेच शिकवायचा, रोज एक धडा आणि वर गृहपाठ. "आज जवळ जायचं. भिंग नाही फिरवायचं, स्वतःचे पाय हलवायचे." मी बाजारात जाऊन मिरच्यांच्या ढिगाचा फोटो काढून पाठवला. "छान. आता चारही कोपरे बघा. डाव्या कोपऱ्यात कुणाचं तरी अर्धं ढुंगण आहे."

"शी! शिक्षक असून कसं बोलता!"

"भूगोलात याला भूभाग म्हणतात."

दुसऱ्या दिवशी: "लहान मुलांचा फोटो काढताना गुडघे टेका. आपण वरून बघितलं की मुलं बुटकी दिसतात आणि आपण शहाणे." तिसऱ्या दिवशी: "भर दुपारी उन्हात कुणाला उभं करू नका. सावली शोधा. दाराच्या आत, उंबऱ्याशी जो मऊ उजेड असतो ना... त्यात माणूस आपोआप खरं बोलायला लागतो."

"तुम्ही आत्ता उंबऱ्याशी बसलाय का?" मी विचारलं.

 मग— "हो. का?"

"सहज."

तो त्याच्या छोट्या भाचीचे फोटो पाठवायचा. हत्तींच्या चक्रात बसलेल्या तिचे फोटो तर डोळ्यांत भरण्यासारखे होते. ती अगदी स्पष्ट आणि मागचं सगळं वाऱ्यासारखं पुसट. "हे कसं जमलं?" "हत्ती फिरतो तसा कॅमेराही त्याच्याबरोबर फिरवायचा. ज्याच्याबरोबर आपण फिरतो, तो स्पष्ट येतो."

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. फोटोबद्दलच होतं म्हणा ते...

एका संध्याकाळी त्याने विचारलं, "तुमच्या फोटोंत तुमचे बाबा कसे नाहीत?" आणि मी सगळं सांगून टाकलं. तो टॉवेल, त्या पिशव्या, युसराचा प्रश्न. एवढं मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने फक्त लिहिलं, "सांगितलंत ते बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा प्रश्न आला. "बाबा चौकटीची करडी टोपी घालतात का? आणि तुमच्या फोटोतल्या ठेंगण्या, हिरव्या ओढणीवाल्या त्या आई ना?"

"हो. का?"

"माझ्याकडे त्यांचा फोटो आहे. भाचीच्या मागच्या, निळ्या हत्तीवर दोघं बसलेत. मला माहीत नव्हतं ते कोण. ते हसतायत... पूर्ण तोंड उघडून."

बाबा हत्तीवर? कधी? मग आठवलं, मी आणि युसरा जहाजाच्या रांगेत होतो तेव्हा आई त्यांना ओढत कुठेतरी घेऊन गेली होती.

"पाठवा! लगेच!"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तो फोटो तुमचा नाही, त्यांचा आहे. ज्या माणसाला स्वतःचा चेहरा दाखवायचा नाही, त्याचा चेहरा मी त्याला न विचारता हातोहात फिरवू? आधी त्यांना विचारू दे."

"अहो, ते माझे बाबा आहेत!"

"म्हणूनच."

असा संताप आला! मी लिहिलं, "राहू दे तुमचा फोटो, आणि तुमचे धडेही." फोन उलटा ठेवला. दोन दिवस त्याला हात लावला नाही... म्हणजे लावला, पण उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला कळून चुकलं की तो बरोबर होता. तेव्हा जास्तच राग आला.

*

शनिवारी दुपारी बाबांचा डबा घेऊन दुकानात गेले आणि दारातच थबकले.

खुर्चीत वज्दी होता. गळ्याला पांढरं फडकं, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. मला पाहून त्याचे कान लाल झाले.

"ये," बाबा म्हणाले. "हे मास्तर नाबुलहून सूसला दाढी करायला आलेत. नाबुलातले न्हावी मेले वाटतं."

"ऐकून होतो तुमच्या हाताबद्दल," वज्दी पुटपुटला.

"कुणाकडून?"

वज्दीने माझ्याकडे बघितलं नाही. आरशाच्या उघड्या अर्ध्यातून बघितलं. "काका, जरा तो वस्तरा खाली ठेवाल का? मला एक दाखवायचंय... आणि तो गळ्याशी असताना धीर होत नाही."

बाबांनी वस्तरा ठेवला. वज्दीने फडक्याखालून हात घालून शर्टाच्या खिशातला फोटो काढला आणि पालथा धरूनच बोलला. "अलीसानगरीत माझ्या भाचीचे फोटो काढत होतो. मागे तुम्ही आलात. चुकून. मी कुणाला दाखवलेला नाही. तुमच्या मुलीलाही नाही, आणि त्यावरून ती माझ्याशी बोलत नाही. तुम्ही म्हणालात तर मूळ फोटो आत्ता तुमच्यासमोर पुसतो. हा कागद तुमचा, ठेवा नाहीतर फाडा."

बाबांनी फोटो घेतला आणि दाराशी उजेडात नेला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

निळा हत्ती वर उचलला गेलेला. टोपी डोक्यावर घट्ट दाबून बाबा हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळा अर्धा मिटलेला, पण हसू असं सांडलेलं की बघणाऱ्यालाही हसू यावं. आणि शेजारी आई. तिचं हत्तीकडे, आकाशाकडे, कुठेच लक्ष नव्हतं. ती बाबांकडे बघत होती.

बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं.

"किती वाकडा हसतो मी," ते शेवटी म्हणाले.

त्यांनी फोटो उजेडाकडे आणखी कलता केला.

"आणि ही..." त्यांनी आईच्या चेहऱ्यावर अंगठा टेकवला. "ही अशी बघत होती? मला वाटायचं, बिचारी कीव करते माझी. म्हणून मी तिच्याकडे बघायचंच सोडलं होतं." "ही तर... ही तर लग्नाच्या वर्षी बघायची तशी बघतेय गं, दोर्साफ."

त्यांनी फोटो टोपीत ठेवला आणि टोपी डोक्यावर.

"मी घरी जातोय."

"बाबा, डबा?"

"तू खा."

"आणि काका, माझी दाढी?" वज्दी ओरडला.

पण बाबा गल्लीच्या वळणावर पोहोचले होते. इतक्या झपझप चालताना मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

दुकानात आम्ही दोघंच उरलो. वज्दीच्या गालावरचा फेस वाळायला लागला होता. आधी मला हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम.

"रडा सावकाश," तो म्हणाला, "पण मी असा अर्धा किती वेळ बसू?"

"स्वतः करा. आरसा आहे समोर."

त्याने टॉवेल बाजूला केले, वस्तरा उचलला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. "राग गेला?"

"जातोय. हळूहळू."

"मला वाटलं होतं, आता तुम्ही पुन्हा कधीच... म्हणजे गृहपाठ..."

"नीट बघून करा. कापेल."

"तुम्ही समोर असताना नीट बघणं जरा कठीण आहे."

मी घाईघाईने डबा उघडला. आत आईने तळलेले ब्रिक होते, अंडं भरलेले पातळ पुडे, गार झालेले. दोघांनी वाटून खाल्ले. त्याची हनुवटी एके ठिकाणी कापलीच.

जाताना, दारात उभा राहून, तो हळूच म्हणाला, "माझी बदली झालीय. तत्वीनला. शाळा उघडली की जायचं."

तत्वीन. पार दक्षिणेला, वाळवंटाच्या तोंडाशी. मी "हो का? छान," असं म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

*

युसराच्या लग्नाला बाबांनीच त्याला बोलावलं. "माझा फोटोवाला," अशी सगळ्यांशी ओळख करून दिली. आत्या नेहमीप्रमाणे कुजबुजली, "धाकटी उजवली, आणि थोरली बघा, कॅमेरा घेऊन हिंडतेय." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वज्दीने मात्र ऐकलं आणि तिच्यासमोर जाऊन अदबीने म्हणाला, "मावशी, तुमचा एक फोटो काढू? चेहरा फार बोलका आहे." आत्या तासभर ओढणीच सावरत बसली.

मग बाबांना युसराशेजारी उभं केलं. भाड्याचा फोटोवाला म्हणाला, "हसा, सी हेदी! एक, दोन, तीन!" बाबा लाकडासारखे ताठ झाले. ओठ घट्ट मिटलेले. दिव्याचा झोत पडला आणि फोटोवाला पुढच्या पाहुण्यांकडे वळला.

मी तिथेच थांबले. कॅमेरा डोळ्याशी, श्वास रोखलेला. वज्दी माझ्या मागे होता. "थांबा..." तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "फोटो संपला असं वाटल्यावर माणसं परत येतात."

आई बाबांच्या जवळ गेली. टाचा उंचावून त्यांच्या कानात काहीतरी म्हणाली. काय, ते तिने आजवर सांगितलेलं नाही. बाबा आधी दचकले, मग हसले. वाकडे, पूर्ण, सगळ्यांदेखत. युसराने वळून बाबांकडे पाहिलं, आणि मी कळ दाबली.

तोच फोटो युसराने लिओंच्या घरात लावलाय.

*

वज्दी निघाला त्या सकाळी मी सूसच्या लुआजच्या, म्हणजे भागीदारीच्या टॅक्सींच्या, तळावर गेले; नाबुलहून येऊन तो इथेच गाडी बदलणार होता. कॅमेरा परत द्यायचा नव्हता, पुस्तक द्यायचं नव्हतं, काही कारणच नव्हतं. तशीच गेले.

"तत्वीन! तत्वीन! एकच जागा!" चालक ओरडत होता. आठ माणसं भरल्याशिवाय गाडी हलत नाही आणि आठवी जागा वज्दीची होती. त्याने मला येताना पाहिलं आणि मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसा." गाडी गेली. दुसरी लागली.

"उशीर होईल तुम्हाला," मी म्हणाले.

"भरायला वेळ लागतो हिला." तो चष्मा पुसत होता. आधीच स्वच्छ होता तो. "दोर्साफ, तिकडे फार उजेड आहे म्हणतात. भरपूर फोटो काढता येतील. पण दाखवायला कुणी..."

वाक्य तिथेच अडकलं. मी त्याला मदत केली नाही. मला ते त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"तुम्हाला पाठवले की मगच ते मला दिसतात," तो एका दमात बोलून गेला. "आधी नुसते काढलेले असतात. सगळंच तसं झालंय. जेवलो तरी वाटतं, तुम्हाला सांगितलं की मग जेवलो. मला तुम्ही फार... फार आवडता. झालं. बोललो."

एक फुलवाला जाईच्या कळ्यांचे छोटे गुच्छ, मश्मूम, परडीत घेऊन मधेच उभा राहिला. वज्दीने काहीतरी करायचं म्हणून एक घेतला आणि डाव्या कानावर खोचला. चालक खदाखदा हसला. "अहो मास्तर, डाव्या कानावर नको! तत्वीनच्या आया बघतील, पोरगा मोकळा आहे म्हणतील आणि उतरायच्या आत जावई करून टाकतील!"

वज्दी ओशाळला. फूल काढायला त्याने हात वर नेला, पण माझा हात आधी पोहोचला. मी तो मश्मूम त्याच्या डाव्या कानावरून काढला आणि उजव्या कानावर खोचला. नीट. केस बाजूला सारून.

तो वास माझ्या बोटांना चिकटून राहिला.

"आता बस गाडीत," मी म्हणाले.

"'बस' म्हणालीस?" त्याने चष्मा सावरला. "म्हणजे... 'बसा' नाही?"

"बहिरा आहेस का?"

"आठ झाले!" चालक ओरडला. वज्दी बसला, दार लागलं, पुन्हा उघडलं. "हिवाळ्याच्या सुट्टीत आईला, बहिणीला, भाचीला घेऊन आलो तर चालेल?"

"विचारतोस काय? घेऊन ये."

घरी आले तेव्हा आई ओट्याशी खजुराचं सारण मळत होती. मी दाराला टेकून उभी राहिले.

"आई... हिवाळ्यात आपल्याकडे पाहुणे येणार आहेत."

"किती?" तिने वर न बघता विचारलं.

"त्याची आई, बहीण, छोटी भाची... आणि तो."

"मग मकरूद जास्त करायला लागतील," आई म्हणाली. मग हात थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकलंत का? बोलली एकदाची ही!"